बकलाची जीभ

यासीनचाचा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी कमरेकडे. पट्टा दिसला की त्यांचा हात पुढे. पट्टा आणि पोट यांच्या मधे दोन बोटं घालायची, जराशी फिरवायची आणि निकाल द्यायचा. "एक भोक मागं घ्या." नाहीतर, "काय बाप्पा, हा पट्टा हाय का गळ्यातला हार?"

मंगरूळपीरच्या टांगा-अड्ड्यावर एकदा नवीन बदलून आलेले फौजदार कसल्याशा चौकशीला उभे होते. चाचांनी सरळ त्यांच्या रुंद पट्ट्यात दोन बोटं घातली. ही अटक करण्याजोगी गोष्ट आहे की नाही, हे फौजदारांना पटकन ठरवता येईना. चाचा शांत. "सायेब, तुमचा दम कोंडून राह्यला, म्हून तुमी लोकाइवर वरडून राह्यले. एक भोक मागं घ्या, समदे आपोआप कबूल होतीन." टांगेवाल्यांनी तोंडावर दुपट्टे घेतले. फौजदार तणतणत गेले. पण चार दिवसांनी परत दिसले तेव्हा पट्टा एक भोक मागे होता. तो आधी चाचांनीच पाहिला आणि अड्डाभर डोळे मिचकावून दाखवला.

हा किस्सा मी आजवर किती ठिकाणी सांगितला असेल, मोजदाद नाही. लोक हसतात आणि मी तिथेच थांबतो. पुढची गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही. पंचवीसहून जास्त वर्षं ती पोटात ठेवली. आता ज्यांना आधी सांगायला हवी होती त्यांना सांगून झाली आहे. म्हणून लिहितो.

चाचा घोड्यांचं सामान शिवणारे. खोगीर, लगाम, टांग्याचे पट्टे. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची एक पडवी. मधोमध लाकडाचा एक घोडा, त्यावर खोगीर चढवून माप बघायचं. त्या घोड्याला मुंडकं नव्हतं, म्हणून चाचा त्याला 'हाकीम', म्हणजे सरकारी अंमलदार, म्हणत. "हाकीमवर ठेव ते खोगीर." "हाकीमले विचार, टोचते का?" कोणी घाईत आला की चाचा त्याला आधी बसवत, पाण्याचा तांब्या पुढे करत, आणि हातातलं काम आणखी सावकाश करत. "घाईचा टाका घोड्याले लागते," म्हणत. "अन् घोडा काही तुह्याकडं येऊन सांगत नाही. ज्याले बोलता येत नाही, त्याचा पट्टा बोलला पायजे."

हे शेवटचं वाक्य ते इतक्यांदा बोलत की टांगेवाले त्यांच्या आधीच ते पुरं करत. मीही करी. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मी तेव्हा चोवीस-पंचवीसचा. शेती मोठ्या भावाकडे, मी ड्रायव्हर. गावातल्या एका अडत्याची जुनी काळी मोटार होती, ती भाड्याने जाई. त्या अडत्याला मी मालक म्हणे आणि गाव शेठ म्हणे. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता. मोठा दवाखाना, कोर्ट, सगळं अकोल्याला. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा तरी बार्शीटाकळीवरून अकोल्याची फेरी ठरलेली.

त्या फेऱ्यांतली एक, दर दुसऱ्या गुरुवारची, सुलोचनाबाईंची. बाई आमच्या शाळेत मास्तरीण. छप्पनमध्ये त्यांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला होता, आणि परत येताना पोरीला शिकवायचं हे ठरवूनच आले होते म्हणे. नवरा तार ऑफिसात, लांब बदलीवर. बाईंना एकच मुलगी, उज्ज्वला. उजू. तिचं जन्माच्या वेळी काही बिनसलं होतं. हातपाय कडक, मान जड, मधेच सगळं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. गाव तिला काय म्हणायचं ते इथे लिहीत नाही. चाचा तिला 'उजूबी' म्हणत. तिला शब्द चार-पाचच यायचे, पण समजायचं सगळं. चाचा दिसले की ती आधीच हसायला लागायची.

अकोल्याचे डॉक्टर तिच्या पायांची कसरत करून घेत, नवी दाखवत. दोन खेपा चुकल्या तर पाय पुन्हा आखडतील, असं त्यांनी बजावलं होतं. आठ वर्षांची होईपर्यंत बाईंनी तिला एस.टी.तून मांडीवर नेलं. मग मांडी पुरेना. बाराव्या वर्षी उजू पस्तीस किलोची झाली. एस.टी.च्या बाकड्यावरून ती दोनदा घसरून खाली गेली, तेव्हा बाईंनी आमची मोटार सांगितली. मोटारीत त्यांनी तिला जुन्या लुगड्याने सीटला बांधलं. पहिल्याच फेरीत खड्डा आला आणि लुगड्याची गाठ सरकून थेट उजूच्या गळ्याशी आली.

बाई दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चाचांच्या दुकानात उभ्या राहिल्या. मी तिथेच बसलो होतो. त्या म्हणाल्या, "चाचा, तुम्ही जनावराला टोचणार नाही असा पट्टा करता. माझ्या मुलीला कराल?"

चाचांनी हातातली आरी खाली ठेवली. "बाई, घोड्याचं सोपं असते. घोडा उभा राह्यते. बसलेल्याचा पट्टा म्या कधी शिवला नाही. शिकून घेतो."

हे शिकणं मंगरूळपीरने पुढे वर्षभर चवीने सांगितलं. चाचांनी तुरीचं एक पोतं उजूच्या वजनाइतकं भरलं. त्यावर डोकं म्हणून एक कोहळं बांधलं, कोहळ्याला कोळशाने मिशा काढल्या. "मिशा काहून?" मी विचारलं. "उजूबीसारखं दिसलं तं मले ब्रेक मारू देववणार नाही," चाचा म्हणाले. आणि आम्ही बैलबाजाराच्या रिकाम्या मैदानात गाडी नेली. मी गाडी पळवायची, चाचा बाहेरून ओरडणार, "हाऽन!" की मी ब्रेक मारायचा.

आधी पोतं पुढच्या सीटवर ठेवलं, सुंभाच्या दोराने बांधून. हाऽन! दोराने पोतं कापलं, आणि कोहळं समोरच्या काचेवर आपटून फुटलं. बिया माझ्या शर्टात. चाचांनी खिडकीतून मान आत घालून सगळं नीट पाहिलं. "पुढं नाही," ते म्हणाले. "पुढं काच हाय. मागं बसवू." दुसऱ्या कोहळ्याला सायकलच्या ट्यूबने बांधलं. रबर ताणलं आणि परत आलं, तेव्हा कोहळं टपाला लागलं. "हा पट्टा नाही, हा झोपाळा." मग पलंगाची नवार आणली. नवार तुटली नाही, ताणली नाही. पण पोतं तिच्या खालून सुळकन घसरून पायांपाशी जाऊन बसलं आणि पट्टा वरच राहिला.

चाचा बराच वेळ त्या खाली बसलेल्या पोत्याकडे बघत राहिले. मग एकदम मांडीवर थाप. "दुमची!"

घोड्याचं खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून एक पट्टा जातो, त्याला दुमची म्हणतात. चाचांचं म्हणणं, माणसालाही तसा एक लागणार. पायांच्या मधून. तो नसेल तर पोर खालून सटकणार. हे बाईंना सांगायचं कसं, या विचाराने ते दोन दिवस बाईंच्या घरापुढून जात नव्हते. शेवटी गेले. उंबऱ्याबाहेर उभे. "बाई, एक बेअदबीची गोष्ट बोलतो."

"बोला. मी पोरांना शिकवते चाचा, रोजच ऐकते."

चाचांनी सांगितलं. बाई हसू दाबत म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मुलीला शेपूट फुटलं म्हणायचं."

"तुमी हसले तं माहा जीव भांड्यात पडला," चाचा म्हणाले. मापं सगळी बाईंनी घेतली, सुतळीला गाठी मारून. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे. गाठी हातात आल्यावर मात्र त्यांनी बाईंची चूक काढली. "कमरेचं माप पोटावरून घेतलं तुमी. पोट नरम असते. पट्टा हाडावर बसला पायजे. परत घ्या." बाईंनी निमूटपणे परत घेतलं. शाळेत कोणाला एका मार्कासाठी न सोडणाऱ्या बाई.

पट्टा तयार झाला. कमरेच्या हाडावर एक, दोन्ही खांद्यांवरून दोन, मधे दुमची, तिला बाईंनी शिवलेली मऊ कापसाची गादी. आता तो बांधायचा कशाला? चाचा म्हणाले, सीटला नाही, गाडीच्या तळाच्या लोखंडाला. त्यासाठी गाडीला भोकं पाडावी लागणार. मालक उसळले. "माह्या गाडीले भोकं? यासीन, गाडी हाय का चाळणी?"

चाचांनी हात जोडले. "बरोबर हाय शेठ. चला, एक चक्कर मारून घेऊ. तुमीच बसा मागं. सीटलेच बांधतो. तुमच्या गाडीची मजबुती तं लोकाइले दिसन." मालक खूश होऊन बसले. चाचांनी त्यांना टांग्याच्या लांब पट्ट्याने सीटला आवळलं, दोन बोटं घातली, म्हणाले, "एक भोक मागं." आम्ही मैदानात गेलो. हाऽन! पट्टा काही सुटला नाही. सीटच सुटली. आख्खी सीट, तिच्यावर आवळलेले मालक, असे दोघे मिळून पालखीसारखे पुढे आले आणि माझ्या पाठीला टेकले. टोपी माझ्या मांडीत पडली. मग मागून बारीक आवाज आला.

"भोकं किती पायजे म्हनला?"

"चार."

"पाड."

इथवर सगळी गंमत होती, आणि मी त्या गमतीत होतो. आता पुढे.

चाचांनी बकल डाव्या अंगाला ठेवलं. घोड्याला माणूस नेहमी डावीकडून जातो, पट्टा डावीकडून आवळतो. चाळीस वर्षं त्यांचा हात तसाच चाललेला. उजू मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसणार, बाई तिच्या उजवीकडे मान सावरायला. म्हणजे बकल दाराशी, बाईंच्या हाताच्या पलीकडे. लावायला कोणीतरी उतरून, वळसा घालून, डावं दार उघडायला हवं. तो कोणीतरी म्हणजे मी.

"चाचा, चुकलं तुमचं," मी म्हणालो. "बकल उजवीकडं घ्या. मले दर टायमाले उतरून फिरून जा लागन."

"मंग जा. पाय हायेत ना?" ते म्हणाले. "जो वळसा घालते, तो पाह्यते. बसल्या जागेवरून लावशीन तं पाह्यशीन का?"

बकलाच्या मधे जी काडी असते, भोकात शिरणारी, तिला चाचा जीभ म्हणत. "जीभ भोकात गेली का पाह्य. अन् गेली तं अंगठ्यानं दाबून पाह्य. जीभ वरवर लागलेली दिसते, पण लागलेली नसते."

चार-पाच महिने मी उतरून गेलो. बाई आतून विचारायच्या, "लागलं का रे दिनकर?" मी म्हणायचो, "लागलं, बाई." की गाडी निघायची. वाटेत बार्शीटाकळीला चहा. तिथे उजूला दहा मिनिटं पट्टा सोडून बाई तिचे पाय हलवत, पाणी पाजत, आणि मग पुन्हा पट्टा.

त्या चहाच्या हॉटेलापुढे अकोल्याकडचे ड्रायव्हर बसलेले असत. त्यांनी पट्टा पाहिला होता आणि तो कोणी शिवला हेही त्यांना कळलं होतं. मी वळसा घालून डाव्या दाराशी वाकलो की मागून सुरू.

"काय हो मंगरूळवाले, घोडी जुपली का?"

"अरे, चने चारले का नाही घोडीले?"

"नाल ठोकून आणजा पुढच्या टायमाले!"

एकदा मीही हसलो. त्यांच्यात बसून, चहाचा कप हातात घेऊन. बाई आत होत्या. काच खाली होती. हेही आजच पहिल्यांदा लिहितो आहे.

त्या गुरुवारी हॉटेलापुढे सात-आठ जण होते. मी चहा संपवून सरळ माझ्या जागेवर जाऊन बसलो. उतरलो नाही. बाई उजूचं तोंड पुसत होत्या. मी माझ्या सीटवरून मागे वळलो, हात लांब करून पट्टा उजूच्या अंगावरून ओढला आणि त्याचं टोक बकलातून नुसतं आत सरकवून तिच्या मांडीखाली खोचलं. जीभ वर तशीच. बाईंनी विचारलं, "लागलं का रे दिनकर?"

मी म्हणालो, "लागलं, बाई."

दोन-तीन मैलांवर वळणाला शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक मारला. मैदानात शंभरदा मारला होता तसाच.

उजूचे समोरचे दोन दात गेले, ओठ फाटला, डावा हात मोडला. बाईंचं लुगडं पदरापासून लाल. बाई ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पट्टा?" आणि मी म्हणालो, "बकल सुटलं, बाई. बकलच सुटलं."

तेच मी अकोल्यात सांगितलं, मंगरूळपीरला सांगितलं, मालकांना सांगितलं. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं असतं, पण तिसऱ्या दिवशी चाचा बाईंच्या घरी आले. अंगणात शेजारपाजारचे जमलेले. मालकही होते. उजू खाटेवर, हाताला प्लास्टर. चाचांना पाहून तिने सवयीने हसायला ओठ उघडले आणि दुखलं म्हणून मिटले. चाचांनी पट्टा मागितला. मी गाडीतून काढून आणून दिला.

त्यांनी तो उन्हात धरला. भोकांवरून अंगठा फिरवला, एकेका. कातड्याला ओझं पडलं की भोक लांबट होतं, हे मी त्यांच्याच दुकानात बसून शिकलो होतो. जोराचा हिसका बसला की ते फाटायलाच हवं. चाचांचा अंगठा ज्या भोकावर थांबला, ते भोक गोल होतं. नव्या नाण्यासारखं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. कमरेकडे नाही. पहिल्यांदाच, आधी तोंडाकडे.

मग बाईंकडे वळून म्हणाले, "चूक माही हाय, बाई. जीभ खोटी निघाली."

अंगणातल्या सगळ्यांना वाटलं, बकलाची. मला एकट्यालाच कळलं की चाचा खोटं बोललेले नाहीत.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मालक म्हणाले, "पाह्यलं? घोड्याचा कारागीर माणसाले पट्टा शिवते!" आणि मी तोंड मिटलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस मंगरूळपीरने चाचांना सोडलं नाही. टांगेवाले पट्टे घेऊन यायचे. "चाचा, आमचीबी जीभ पाहून द्या. खोटी तं नाही?" चाचा प्रत्येकाची जीभ तपासून देत. एका टांगेवाल्याला म्हणाले, "घोड्याची जीभ चांगली हाय. तुही दाखव." मी लांबून जायचो. एकदा त्यांनी हाक मारली, "दिनकर्‍या, ये ना, बस." मी घाईत आहे म्हणालो. "घाईत हाय? मंग बसच," ते हसून म्हणाले. मी बसलो नाही.

बाईंनी अकोला बंद केलं. "पाय आखडले तर आखडू दे, पोर जिवंत राहू दे," म्हणाल्या. आणि उजूचे पाय आखडायला लागले. डाव्या पायाची टाच वर जायला लागली. बाई घरी कसरत करून घेत, पण त्यांना ते जमेना. हे मी चाचांकडूनच ऐकलं. ते रोज संध्याकाळी तिथे जात, उजूला काहीतरी चाळा करून दाखवत, आणि येताना मला दिसले की एवढंच सांगत, "टाच आज अजून वर हाय." बाकी काही नाही.

दोन महिने होत आले तेव्हा चाचांनी नवा पट्टा आणला. तसाच. बकल डावीकडेच, उजू वाढेल म्हणून भोकं भरपूर. आणि खांद्याच्या पट्ट्याला, छातीपाशी, टांग्याच्या घोड्याचं एक पितळी घुंगरू शिवलेलं, कातड्याच्या खोबणीत. पट्टा घट्ट बसला की घुंगरू दबून मुकं. ढिला असला की छन.

"आता पट्टाच बोलन," चाचा म्हणाले. "कोणाच्या जिभेवर भरवसा ठेवा लागणार नाही."

बाई ऐकेनात. चाचा म्हणाले, "उजूबीले नका बसवू. तुमी बसा." शाळेतल्या बाई, भर दुपारी बैलबाजाराच्या मैदानात, घोड्याच्या पट्ट्यात! बघायला अर्धं गाव. उजूला शेजारणीने खुर्चीत बसवून आणलेलं. बाई बसल्या, पाटी-पुस्तक तपासावं तशी एकेक शिवण तपासून. चाचा मला म्हणाले, "लाव."

"मी?"

"तूच. तुहे पाय चांगले हायेत."

मी उतरलो, वळसा घातला, डावं दार उघडलं. जीभ भोकात घातली. अंगठ्याने दाबली. दोन बोटं घातली. तरी घुंगरू वाजत होतं. एक भोक पुढे घेतलं तेव्हा थांबलं.

हाऽन! बाई जागच्या हलल्या नाहीत. चष्मा तेवढा नाकावरून उडून पुढे पडला. "पुन्हा," बाई म्हणाल्या. पुन्हा मारला. "पुन्हा." तिसऱ्या वेळी बाई हसत होत्या, आणि लांब खुर्चीत उजू दोन दात नसलेलं तोंड आभाळाकडे करून किंचाळत हसत होती. पुढच्या गुरुवारी आम्ही अकोल्याला गेलो. बार्शीटाकळीला कोणीतरी म्हणालंच, "घोडीले घुंगरूबी बांधलं?" मी वळसा घातला. फार धाडस नव्हतं ते. पट्टा बोलेल ही भीती होती.

उजवा पाय सुधारला. डावी टाच मात्र त्या दोन महिन्यांत जी वर गेली ती जमिनीला पुन्हा टेकली नाही.

गेल्या महिन्यात मी बाईंकडे गेलो. बाई आता थकल्या आहेत. उजू चाळिशीची, खिडकीशी खुर्चीत असते. मी बाईंसमोर बसून सगळं सांगितलं, हॉटेलापुढचं हसणंसुद्धा. बाईंनी ऐकून घेतलं. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काय सांगतोस? पडली ती होती. तिला सांग."

मी उठलो, खुर्चीला वळसा घालून उजूच्या समोर गेलो, आणि खाली बसून तिला सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "छन." तिचा घुंगराचा शब्द तो. चाचांसाठीही ती तोच वापरायची. दोघांतला कोणता होता, मी विचारलं नाही.

चाचा तेव्हा नव्हते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची माझी शेवटची भेट सत्तरच्या दशकाच्या शेवटाला, त्याच गाडीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनसाठी अकोल्याच्या दवाखान्यात ठेवायला मी नेत होतो. पुढे बसा म्हटलं, तर म्हणाले, "पुढं काच हाय." मागे, डावीकडे, उजूच्या जागेवर बसले. "बांध," म्हणाले. मी उतरून बांधलं. ते वाळून निम्मे झाले होते, म्हणून पट्टा बसला. दोन बोटं घातली. घुंगरू मुकं.

गावाबाहेर पडलो तोच, छन.

मी थांबलो, उतरलो, वळसा घातला, एक भोक आवळलं. मैलभराने पुन्हा छन. पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा मी आरशात पाहिलं. म्हातारा पोट आत ओढून, श्वास कोंडून, छाती हलवत होता. दुधी डोळे मिटलेले, तोंडावर फौजदाराला छळतानाचं हसू.

मी गाडी बाजूला घेतली. उतरून डावं दार उघडलं. "चाचा, तुमी मुद्दाम करून राह्यले."

"हो."

"काहून पण?"

"पाह्यतो, उतरते का."

मी बकलावर हात ठेवून उभा. रस्त्यावर कोणी नव्हतं. मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी…"

"मले नको सांगू. म्या भोक पाह्यलं हाय," ते म्हणाले. "बाईले सांगतलं का?"

"नाही."

"मंग अजून वाजन."

आणि वाजलं. अकोल्यापर्यंत आणखी सहा वेळा. सहाही वेळा मी उतरलो.

दवाखान्याच्या फाटकाशी एक शिपाई त्यांना हाताला धरून आत न्यायला आला. चाचांना समोरचं धूसरच दिसत होतं. पण पाच-सहा पावलांवर ते थांबले, चाचपडत हात शिपायाच्या कमरेशी गेला, आणि पट्ट्यात दोन बोटं शिरली. शिपाई दचकला. मला एवढंच ऐकू आलं, "बापू, एक भोक मागं घे." मग दोघे आत गेले.

मी एकटा परत निघालो. मागच्या सीटवर पट्टा मोकळा लोंबत होता आणि घुंगरू वाजत होतं. एकदा थांबून ते खोबणीत दाबलं असतं तर गप्प झालं असतं. मी तसाच मंगरूळपीरपर्यंत आलो. बाईंच्या घरापुढे गाडी उभी केली. इंजिन बंद केलं तरी ते जरा वेळ हलत होतं. मग थांबलं.

त्या दिवशी मी उतरलो नाही.